मागच्या पाटीची गोष्ट

 

आजची गोष्ट दोन स्क्रूंची आहे.

समजा, तुम्ही रुवैसला राहता. रिफायनरीत नोकरी, कंपनीच्या वसाहतीत घर, आणि दाराशी नवी कोरी विजेवर चालणारी गाडी. शनिवारी सकाळी गाडी पुसायला बाहेर येता आणि बघता तर मागची नंबर प्लेट एका बाजूने लोंबकळते आहे. आदल्या रात्री रिव्हर्स घेताना कुठेतरी टेकली असणार. पाटी मधोमध दुमडली आहे, एक स्क्रू गायब आहे आणि उरलेला खाऱ्या हवेने पांढरा पडला आहे. नवी पाटी बसवायला हवी. काम किती? दोन स्क्रू, दहा मिनिटे.

पण पत्र्याचा तेवढा तुकडा तुम्ही स्वतः कापून, रंगवून लावू शकत नाही. कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याकडूनही करून घेऊ शकत नाही. पाटी वाकली असेल तर सरकारी सेवेकडून बदलून घ्यायची आणि हरवली असेल तर आधी पोलिसांत नोंद करायची.  मग या पत्र्याचीच एवढी बडदास्त का? आणि त्यातही मागच्या पाटीची?

याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागेल. आपण सुरुवात करू 1893 च्या पॅरिसपासून.

तेव्हा रस्त्यावर मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तरी पॅरिसच्या पोलीसप्रमुखांनी 14 ऑगस्ट 1893 रोजी एक हुकूम काढला. प्रत्येक मोटारीवर धातूची पाटी हवी, ती वाचता आली पाहिजे आणि तिच्यावर मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक हवा. म्हणजे पहिल्या पाटीवर चक्क घरचा पत्ता होता! आज आपल्या गाडीवर कोणी आपले नाव आणि खोली क्रमांक लिहिला तर आपण भांडायला उठू. पण त्या हुकुमामागचा विचार सरळ होता. घोडागाडीवाला कोणाला धडकला तर लोक त्याला पळत जाऊन गाठत. मोटारवाल्याला पळत जाऊन गाठता येईना. तेव्हा माणूस हाती लागला नाही तरी त्याचे नाव हाती लागावे.

1901 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने कायदा केला. त्यात मालकाच्या नावाची आद्याक्षरे गाडीवर लावायला सांगितली, निदान तीन इंच उंचीची. आणि कुठे लावायची, तर गाडीच्या मागे. पाटी ज्याची त्याने करायची, त्यामुळे कोणी चामड्यावर अक्षरे ठोकली, कोणी लाकडावर रंगवली. लवकरच घोटाळा लक्षात आला. एकाच आद्याक्षरांची माणसे ढीगभर असतात. दोन वर्षांत अक्षरे गेली आणि क्रमांक आले.

'मागे' या शब्दापाशी जरा थांबा. समोरून येणारी गाडी माणूस पाहतो, पण तेव्हा त्याला पाटी वाचायचे कारण नसते. कारण घडते ते धडक बसल्यावर, आणि तोवर गाडी पुढे गेलेली असते. रस्त्यावर पडलेल्या माणसाला, किंवा त्याच्याकडे धावलेल्या चहावाल्याला, गाडीची दिसते ती पाठच. म्हणून मागची पाटी ही साक्षीदाराची पाटी आहे. ती त्याच्यासाठी लिहिलेली असते.

आता इंग्लंडकडे वळू, कारण आपल्याकडचा कायदा तिथल्याच वळणाने आला. तिथे 1903 साली मोटार कायदा झाला आणि 1 जानेवारी 1904 पासून लागू झाला. त्यात एक सौदा होता. मोटारींची वेगमर्यादा ताशी 14 मैलांवरून 20 मैलांवर नेली आणि त्याच कायद्याने प्रत्येक गाडीला नोंदणी आणि क्रमांक सक्तीचा केला. वेग हवा ना, घ्या. पण मग नाव द्या. रात्री मागच्या पाटीवर दिव्याचा उजेड पडला पाहिजे, हेही तेव्हाच ठरले. आज तुमच्या गाडीच्या मागच्या पाटीवर जो बारका पांढरा दिवा असतो, तो त्या नियमाचा वारस. भारतातल्या नियमानुसार त्या उजेडात क्रमांक 15 मीटरवरून वाचता आला पाहिजे.

तिथल्या मोटारवाल्यांना हे आवडले नव्हते. क्रमांक असायचे ते भाड्याच्या गाड्यांना. आम्ही घरंदाज माणसे, आमच्या गाडीला भाड्याच्या गाडीसारखा नंबर? असा सूर होता. गंमत म्हणजे ज्या नंबराची लाज वाटत होती, त्याचाच पुढे मान झाला. लंडनचा 'ए 1' हा क्रमांक मिळवण्यासाठी एक उमराव रात्रभर रांगेत उभे राहिले, असे सांगतात. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे ते थोरले भाऊ.

आपल्याकडे आधी प्रांतांचे आपापले नियम होते. मग 1914 साली साऱ्या ब्रिटिश भारतासाठी मोटार वाहन कायदा झाला आणि 1939 साली त्याची जागा मोठ्या, सविस्तर कायद्याने घेतली. या 1939 च्या कायद्यात एक प्रकरण असे होते की ज्याने पाटीचा अर्थच बदलला. ते होते तिऱ्हाइताच्या विम्याचे, म्हणजे आपण ज्याला थर्ड पार्टी इन्शुरन्स म्हणतो त्याचे. ही सक्ती 1 जुलै 1946 पासून लागू झाली. आता साखळी पुरी झाली. पाटीवरून क्रमांक, क्रमांकावरून मालक, मालकावरून विमा कंपनी, आणि विमा कंपनीकडून जखमी माणसाला किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांना भरपाई. मालक कफल्लक असला तरी पैसे मिळण्याची वाट झाली. फक्त साखळीची पहिली कडी सापडायला हवी, आणि ती कडी गाडीच्या मागे दोन स्क्रूंवर टांगलेली असते.

तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढचे आहेत, त्यांना तीन अक्षरे आणि पुढे आकडे असे जुने नंबर आठवत असतील. नवा मोटार वाहन कायदा 1988 चा. तो 1 जुलै 1989 ला लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरे, जिल्ह्याचा आकडा अशी आजची पद्धत आली. मग 'एमएच 12' म्हणजे पुणे, 'एमएच 09' म्हणजे कोल्हापूर, 'एमएच 31' म्हणजे नागपूर हे पोराटोरांनाही पाठ झाले. घाटात पुढची गाडी दिसली की नंबर बघून 'अरे, आपला सातारकर!' म्हणणारी पिढी या पद्धतीने घडवली. इथे रुवैसच्या वसाहतीतही कोणाच्या फोनमध्ये गावाकडच्या गाडीचा फोटो निघाला, तर आपण गाडीच्या आधी नंबर वाचतो. खोटे सांगू नका.

त्या काळात पाटी रंगवायचा तो रंगारी. पासिंग झाले की आर. टी. ओ. कचेरीबाहेरच ब्रश घेऊन बसलेला असायचा. केंद्राचा नियम म्हणे अक्षरे इंग्रजी आणि आकडे अरबी. आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो, त्यांना नियमाच्या भाषेत अरबी अंक म्हणतात. आणि इथे अरब देशांत जे आकडे लिहितात, त्यांना अरबी भाषेत म्हणतात हिंदी अंक. ज्याने त्याने दुसऱ्याला श्रेय देऊन टाकले आहे.

नियम काही म्हणो, रंगाऱ्याच्या ब्रशाला आवर नव्हता. 4141 चे 'दादा' झाले, 214 चा 'राम' झाला, 4912 मधून 'पवार' उमटले. पोलीस दंड करत, लोक दंड भरत आणि पाटी तशीच ठेवत. आपण हसतो, मीही हसतो. पण धडक बसल्यावर त्या चहावाल्याने पोलिसांना काय सांगायचे? 'साहेब, दादा होते'?

आता दोन घटना सांगतो. दोन्ही मुंबईच्या, दोन्ही तुम्हाला ठाऊक असलेल्या. त्यांत पाटीकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नसते.

पहिली 12 मार्च 1993 ची. त्या दिवशीच्या बॉम्बस्फोटांत 257 माणसे गेली. शहर हादरलेले, हल्ला कोणी केला याचा पत्ता नाही. वरळीला एक मारुती व्हॅन बेवारस उभी सापडली. आत बंदुका आणि हातबॉम्ब होते. तिचा क्रमांक होता एमएफसी 1972. पोलिसांनी नोंदणीची वही पाहिली. गाडी माहीमच्या मेमन कुटुंबातल्या एका बाईच्या नावावर होती. तपासाचे पहिले दार तिथे उघडले. एवढा मोठा कट रचणाऱ्यांनी खरी पाटी गाडीवर राहू दिली आणि त्या पाटीने खरे सांगितले.

दुसरी 25 फेब्रुवारी 2021 ची. दक्षिण मुंबईत उद्योगपती मुकेश अंबानी यांच्या घराजवळ एक स्कॉर्पिओ उभी सापडली, आत जिलेटिनच्या कांड्या. पाटी होतीच, पण तिच्यावरचा क्रमांक होता अंबानींच्याच सुरक्षेतल्या दुसऱ्या एका गाडीचा. पाटी खोटे बोलत होती. पुढे मार्चअखेर तपास यंत्रणेने मिठी नदीत पाणबुडे उतरवले, तेव्हा इतर वस्तूंबरोबर नंबर प्लेटाही वर आल्या. त्यांवरचा क्रमांक मराठवाड्यातून चोरीला गेलेल्या एका गाडीचा निघाला. त्या गाडीच्या मालकाचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. तरी त्याचा नंबर, त्याला न विचारता, मिठीच्या गाळात पोचला होता.

खोटी पाटी करणे इतके सोपे असेल तर साखळीची पहिली कडीच तुटते. हे सरकारला कळत नव्हते असे नाही. 2001 सालीच केंद्रीय नियमांत हाय सिक्युरिटी पाटीची तरतूद झाली. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर अशोकचक्राचा क्रोमियमचा होलोग्राम, निळे 'आयएनडी', लेसरने कोरलेला कायमचा क्रमांक आणि दाबून उठवलेली अक्षरे. नियमात एक वाक्य असेही आहे की गाडीच्या मागच्या बाजूची पाटी पुन्हा काढता न येणाऱ्या स्नॅप लॉकने बसवावी. काढायची तर कुलूप तोडावेच लागते, आणि तुटलेले पुन्हा बसत नाही. पुन्हा तेच, मागची पाटी! 1901 च्या न्यूयॉर्कमध्ये जे सुचले, ते शंभर वर्षांनी आपल्या नियमातही आले.

नियम झाला, पण ठेक्यांवरून खटले सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली योजना उचलून धरली, तरी अंमलबजावणी रखडतच राहिली. अखेर 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्या या पाट्या लावूनच मिळू लागल्या. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात 2025 मध्ये जी धावपळ झाली आणि मुदत जशी पुन्हा पुन्हा वाढत गेली, ते तुमच्या घरच्यांनी फोनवर सांगितलेच असेल. 'गाडी उभीच असते, तिला कशाला नवी पाटी?' असे विचारणाऱ्या वडिलांना आता तुम्ही उत्तर देऊ शकाल. उभ्या गाडीचाच नंबर चोराला सगळ्यात सोयीचा. मालकाचे लक्ष नसते.

मध्यंतरी ऑगस्ट 2018 मध्ये विजेच्या गाड्यांना भारतात हिरवी पाटी मिळाली. खासगी गाडीला हिरव्यावर पांढरी अक्षरे, भाड्याच्या गाडीला हिरव्यावर पिवळी. चीनने 2016 च्या अखेरीस काही शहरांत हिरवी पाटी आणली होती, आणि ब्रिटनने 2020 मध्ये पाटीच्या कडेला हिरवा पट्टा दिला. कारण सवलतींचे होते. टोल, पार्किंग, प्रवेशबंदीचे रस्ते, यांत ही गाडी लांबून ओळखता यावी. म्हणजे पाटी आता 'कोण?' याबरोबर 'कशावर चालते?' हेही सांगू लागली. तेव्हा पुण्यात किंवा नाशकात तुमची विजेची गाडी असेल आणि मागची पाटी बदलायची वेळ आली, तर ती हिरवीच आली आहे ना, एवढे पाहून घ्या.

चला, परत रुवैसला.

अबू धाबी शहराच्या पश्चिमेला साधारण अडीचशे किलोमीटरवर, समुद्राकाठच्या खारट वाळवंटात हे गाव तेलासाठी उभे राहिले. शेजारच्या जबल धन्ना बंदरातून 1963 मध्ये तेल निघू लागले. रुवैसच्या औद्योगिक संकुलाचे उद्घाटन 1982 चे. चेंबूर, माहुल, थळ, नागोठणे इथल्या कारखान्यांत हात बसलेली आपली माणसे इकडे आली ती याच कामासाठी. आणि आता तेलाच्या या गावापासून थोड्याच अंतरावर पश्चिमेला बराकाचे अणुवीज केंद्र आहे, चार संच, एकूण सुमारे 5,600 मेगावॉट. तेव्हा रुवैसमध्ये विजेची गाडी चार्जिंगला लावणे ही आता नवलाई राहिलेली नाही.

इथल्या पाटीचा एक स्वभाव मात्र आपल्यापेक्षा वेगळा. आपल्याकडे नंबर साधारणपणे गाडीचा असतो. गाडी विकली की नंबर तिच्याबरोबर सासरी जातो. अमिरातीत नंबर माणसाचा. गाडी विकली तरी नंबर स्वतःकडे ठेवता येतो आणि दुसऱ्या गाडीला लावता येतो. म्हणून इथे नंबरांचा लिलाव होतो. अबू धाबीचा '1' हा क्रमांक 2008 साली 5 कोटी 22 लाख दिरहमांना गेला. दुबईचा 'पी 7' 2023 मध्ये 5 कोटी 50 लाखांना गेला आणि ते पैसे अन्नदानाच्या निधीला मिळाले. नंबराची लाज वाटणाऱ्या त्या विलायती मोटारवाल्यांनी हे पाहायला हवे होते.

आणि वाचणारा डोळाही बदलला. अबू धाबीत 2021 च्या सुरुवातीपासून 'दर्ब' ही टोल व्यवस्था सुरू झाली. पुलांवरच्या कमानीतले कॅमेरे नंबर वाचतात आणि खात्यातून पैसे वळते होतात. वेगाचे कॅमेरेही नंबरच वाचतात. चहावाल्याला घाईत एखादा आकडा चुकेल, कॅमेरा सहसा चुकत नाही. पण कॅमेऱ्याला एक समजत नाही. तुमचा नंबर दुसऱ्या कोणी लावला आहे, हे त्याला कळत नाही. तो दंड तुमच्याच नावाने पाठवतो. म्हणून हरवलेल्या पाटीची पोलिसांत नोंद करायची. त्या कागदावर तारीख असते. त्या तारखेनंतर कोणी तुमची पाटी मिरवली, तर तुमच्या बाजूने बोलणारा तेवढाच एक साक्षीदार.

आता त्या शनिवारच्या कामाकडे वळू. नवी पाटी हातात आली आहे.

आधी पाटीवरचा क्रमांक, वर्गाचा आकडा आणि गाडीचे कार्ड समोरासमोर धरून वाचा. पुढची पाटी जुनीच असेल तर तीही जाऊन वाचा. जुना स्क्रू गंजून अडकला असेल तर जोर करू नका. गंज सोडवणारे तेल टाका आणि चहा पिऊन या. पाटी ॲल्युमिनियमची, स्क्रू साध्या लोखंडाचा आणि हवा समुद्राची, हे तीन एकत्र आले की पत्रा स्क्रूभोवती खाल्ला जातो. म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि मध्ये नायलॉनचे वॉशर घाला. नवी भोके पाडू नका. मागच्या दारात पाटीच्या आसपास कॅमेऱ्याची, दिव्याची आणि दार उघडण्याच्या बटणाची वायर असते. विजेच्या गाडीत जास्त दाबाच्या तारा नारिंगी आवरणाच्या असतात. पाटीच्या जागी त्या सहसा नसतातच, पण कुठेही नारिंगी दिसले तर हात मागे घ्या. स्क्रू घट्ट बसला की थांबा. फार आवळला तर उन्हात तापून फुगणाऱ्या पत्र्याला जागा राहत नाही आणि तो वाकतो.

मग संध्याकाळी दिवे लावून पंधरा पावले मागे जा आणि नंबर वाचा. शोरूमची चौकट अमिरातीचे नाव झाकत असेल तर ती काढून टाका. वर चकचकीत प्लास्टिक लावू नका. वाळूच्या वादळानंतर काच पुसता तेव्हा पाटीवरही एक हात फिरवा. आणि ती दुमडलेली जुनी पाटी आठवण म्हणून भिंतीला टांगू नका, कचऱ्यातही टाकू नका. जिथून नवी घेतली तिथे जमा करा. स्वतःची सही केलेला कोरा चेक आपण कचऱ्यात टाकतो का?

शेवटी एक गोष्ट सांगून संपवतो. ती तुमच्या गाडीची नाही, पण तिच्यामुळेच हा भाग लिहावासा वाटला.

भारतात गाडी धडक देऊन पळाली आणि तिचा नंबर कोणालाही सांगता आला नाही, तर तिच्या विम्यापर्यंत पोचता येत नाही. अशा वेळी सरकारची वेगळी योजना आहे. 1 एप्रिल 2022 पासून तिच्यात मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये मिळतात. त्याआधी हे आकडे 25 हजार आणि साडेबारा हजार होते. नंबर सापडला, तर तेच कुटुंब मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. तिथे गेलेल्या माणसाचे वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे, असा सगळा हिशोब होतो आणि भरपाई कितीतरी मोठी असू शकते. गावाकडे कोणावर अशी वेळ आली, तर या दोन्ही वाटा त्यांना सांगा. पुष्कळांना यातली पहिलीही माहीत नसते.

दोन्ही वाटांमधला फरक ठरतो तो दोन-तीन सेकंदांत. कोणीतरी रस्त्याच्या कडेला उभा असतो, गाडी लांब जात असते आणि तिच्या पाठीवरचे आकडे त्याला वाचता येतात किंवा येत नाहीत.

म्हणून मंडळी, शनिवारी ती दहा मिनिटे काढा. पुन्हा भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सावकाश चालवा. नमस्कार.